दोन काडेपेट्या

सोमवारी दुपारी डॉक्टरांनी सांगितलं, दादाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे. दादा बाकावर बसला होता. मी उभा होतो.

सकाळी बेरियम एनिमा झाला होता. यात गुदद्वारातून पांढरं औषध आतड्यात सोडून एक्स-रे काढतात. एक्स-रेत एका ठिकाणी आतडं दोऱ्याइतकं बारीक दिसत होतं.

"घरात आधी कुणाला होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"वडलाले," दादा म्हणाला. "पण आमी तपासून घेतलं होतं साहेब, दोन वर्षांमागं. साफ निघालं. हा लहाना सोता घेऊन गेलता."

मी खिडकीबाहेर पाहिलं.

वडील गेले तेव्हा बुलढाण्याच्या डॉक्टरांनी आम्हा भावांना बजावलं होतं, "हा आजार घराण्यात येऊ शकतो. त्रास नसला तरी तपासा." तपासणीचं नाव ऑकल्ट ब्लड टेस्ट. डोळ्यांना न दिसणारं रक्त मलात आहे का, ते त्यात कळतं. आमच्याकडे मल रिकाम्या काडेपेटीत नेतात.

दादा ती द्यायला तयार नव्हता. "तू मास्तर माणूस. हे तुह्या हाती देऊ? लाज वाटते बे."

"काऊन? मी परका हाव का?" मी म्हणालो.

आमच्या धाड गावाहून एसटीत बसलो. सदऱ्याच्या खिशात दोन काडेपेट्या होत्या, एक त्याची, एक माझी. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं बिडी काढली. "गुरुजी, काडी द्या ना. दोन-दोन पेट्या दिसून राह्यल्या. कवापासून ओढता?" गाडी हसली. मागे माझ्या वर्गातली मुलं होती. मी खिशावर हात ठेवला तो बुलढाण्यापर्यंत काढला नाही.

स्टँडमागच्या नाल्यात मी दोन्ही पेट्या टाकल्या. चार दिवसांनी दादाला सांगितलं, दोघांचंही साफ आहे.

दादाच्या ऑपरेशनला उशीर झाला होता. तो पौषात गेला. त्याला खरं सांगायचं राहिलं.

त्याच्या आजारपणातच माझी तपासणी झाली. मलात रक्त निघालं. आत पॉलिप होता, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेली मोडासारखी गाठ. तिचा पुढे कॅन्सर होऊ शकतो. ती दुर्बिणीतून काढली. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आलात."

तेरवीनंतर वहिनींना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडता निवडताच म्हणाल्या, "लाज तुमाले वाटली, भाऊजी. अन् गेले ते."

तुमच्या घरात या आजारानं कुणी गेलं असेल, तर त्रास सुरू व्हायची वाट पाहू नका. आणि नमुना स्वतः पोचवा.

आता वर्षातून एकदा मी बुलढाण्याला जातो. काडेपेटी हातात धरतो. कुणी काडी मागितली तर आत काय आहे ते सांगतो. वहिनी शेजारी बसतात. पुतण्याची पेटी त्यांच्या पदरात असते. ती त्या माझ्याकडे देत नाहीत.