फटफटीच्या मुठी

लढाईच्या दिवसांत डोंगरात हिवताप माजला होता आणि हिर्डोशीच्या बाजूच्या गावांना तापावरचं कोयनेल पोचवायला कुणी नव्हतं. त्यावर मी दोन जळजळीत पत्रकं लिहिली. वरची मंडळी ढिम्म. शेवटी आम्ही चार कार्यकर्त्यांनी पुण्याहून एक जुनी फटफटी मागून आणली. ती चालवता यायची फक्त आमच्यातल्या कंपाउंडरकाकांना. दर शुक्रवारी ते भोरहून औषध घेऊन वर जायचे. हिर्डोशीला एका म्हातारीची सून तापानं फणफणली होती. तिला पहिल्या पुड्या देऊन काका म्हणाले होते, "पुढच्या शुक्रवारी उरलेल्या आणतो. खंड पडू देऊ नका."

हँडलच्या रबरी मुठी तडकल्या होत्या. लढाईमुळे रबर तेव्हा मिळत नव्हतं. नसरापुरात एका मोडक्या गाडीच्या मुठी हाती लागल्या, त्या मी घेतल्या. ज्यानं दिल्या त्या मेकॅनिकला कशा बसवायच्या ते विचारलं नाही. विचारण्यात मला कमीपणा वाटला.

जुन्या मुठी चाकूनं उभ्या चिरून काढल्या. नव्या काही केल्या चढेनात. आमच्या घरी तीन पिढ्या बैलगाडी. जे अडतं त्याला तेल घालायचं, एवढं एकच शास्त्र आम्हाला ठाऊक. दिव्यातलं करडईचं तेल घेतलं, आत चोळलं. मूठ सरकन बसली.

काकांनी हँडल धरून पाहिलं. "व्याख्यानं सोडून तुला दुसरंही काही येतं म्हणायचं."

मला ते फार गोड लागलं.

शुक्रवारी वाटेत खड्डा आला आणि डावी मूठ हँडलवरून निसटून काकांच्या हातात आली. गाडी दगडांवर गेली. मनगट मोडलं. एका गाडीवानानं त्यांना बैलगाडीत घालून शनिवारी भोरला आणलं. मूठ त्यांच्या कोटाच्या खिशात होती. नसरापूरचा मेकॅनिक त्या दिवशी भोरला आला होता; त्यानं ती हातात घेऊन वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बैलगाडीवाल्याच्या घरचे दिसता. आवो, साबणाचं पानी लावायचं. ते वाळतं, मग रबर घट धरतं. तेल वाळतंय व्हय कधी?"

रविवारी पहाटे पुड्या घेऊन मी चालत निघालो. माणसाच्या पायांनी दिवसात एक गाव होतं. पुढच्या वाड्यांना त्या आठवड्यात काहीच मिळालं नाही. चालताना सवयीनं पत्रक मनात जुळवत होतो: बेपर्वाई, हलगर्जी, माणसांच्या जिवाशी खेळ. सगळे शब्द तयार होते. दोषी म्हणून नाव कुणाचं घालायचं?

म्हातारी दारातच बसली होती. सून शनिवारी रात्री गेली होती.

"काका न्हाई आले?"

"पडले. हात मोडला. मुठीला मी तेल लावलं होतं, आजी. त्यानं ती निसटली."

"मंग तेल तर लावावंच लागतं की, बाबा," ती म्हणाली.

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पुड्या तशाच धरून उभा होतो. तिनं त्या माझ्या हातातून घेतल्या.

"नातवालाबी कालपास्नं कणकण हाय. ह्या त्याला चालत्याल का?"

पोराला किती द्यायच्या ते काकांनाच ठाऊक. मला ठाऊक नव्हतं.