खिळ्यावरची नावं

सोल्डरिंगच्या टेबलावर कथिलाचे थेंब साचतात, तसे किस्से साचत जातात. थेंब खरवडून काढता येतात, किस्से निघत नाहीत. सोलापुरात इलेक्ट्रिक गिटार दुरुस्त करायला बसून मला वीस वर्षं झाली, आणि माझं ठाम मत झालंय की बिघाड गिटारमध्ये कमी आणि ती घेऊन येणाऱ्यात जास्त असतो.

म्हणून दुकानाच्या भिंतीत मी एक लांब खिळा ठोकलाय. ज्याची गिटार धड आणि अक्कल नादुरुस्त निघेल, त्यानं स्वतःच्या हातानं चिठ्ठीवर नाव आणि पराक्रम लिहायचा आणि ती चिठ्ठी खिळ्याला टोचायची. सुटका नाही! गावभर मी ज्या तोऱ्यात बोलत आलो तो एवढ्यावरच, की त्या खिळ्यावर माझं नाव नाही.

* * *

सगळ्यात आतली, म्हणजे पहिली चिठ्ठी वळसंगच्या मल्लूची. घरची मेंढरं भावाच्या गळ्यात घालून हा लग्नाच्या वरातींत गिटार वाजवतो. एकदा धापा टाकत आला. "मालक, गिटार मेली की!"

मी गिटार हातात घेतली, आवाजाचं बटण फिरवलं आणि तार छेडली. खणखणीत! बटण शून्यावर होतं.

दुकानात पाच-सहा जण होते. सगळ्यांसमोर त्याला चिठ्ठी दिली. तो घाईघाईनं खरडायला लागला. मी म्हणालो, "निवांत लिही. अक्षर चांगलं आलं पाहिजे, लोक वाचतात."

सगळे हसले. मल्लूनं मान खाली घालून लिहिलं, "मल्लू, वळसंग. बटन बंद होतं."

* * *

मग एक इंजिनिअर आला. इलेक्ट्रॉनिक्सचा! मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यानं गिटारची सगळी वायरिंग घरीच नव्यानं केली होती. मागचं झाकण उघडलं आणि बघतच राहिलो. एकेक वायर आखल्यासारखी सरळ, एकेक टाका मोत्यासारखा. आवाज मात्र औषधाला नाही.

व्हिडिओतल्या वायरींचे रंग बघून यानं आपल्या रंगाला रंग जोडले होते. व्हिडिओतली गिटार एका कंपनीची, याची दुसरीची. तिथली लाल म्हणजे इथली लाल नव्हे, हे चार वर्षांच्या डिग्रीत कुणी सांगितलं नव्हतं.

"अहो, निदान मीटर लावून तरी बघायचं!"

"कशाला सर? व्हिडिओत वाजत होती की."

* * *

वैरागचा एक बँडवाला आला तो कमरेत वाकून. गिटार गळ्यात, आणि गिटारच्या पत्र्यातून निघालेली एक वायर थेट त्याच्या शर्टात!

"हे काय?"

"मालक, हात काडला की गुरगुरतंय, तारंला हात लावला की गप. गावातला वायरमन म्हनला, हिला मानसाचं अंग लागतंय. मग दिली जोडून, चांदीच्या करदोड्याला."

दोष होता मंडपवाल्याच्या लाइटच्या बोर्डात. त्याला अर्थिंगच नव्हतं. या दोन शहाण्यांनी माणसाचंच अर्थिंग केलं! मी डोक्याला हात लावला आणि विचारलं, "आणि फरक पडला?"

"लई फरक. गुरगुर पार बंद. पन लगवीला जाताना गिटार संगं न्यावी लागतीया."

* * *

होटगीचे एक रिटायर्ड रेल्वे गार्ड आहेत. त्यांच्या गिटारमध्ये आत चौकोनी बॅटरी लागते. दर चार दिवसांनी ती संपायची. "ही गिटार बॅटरी खातीय," म्हणून तिसऱ्यांदा आले तेव्हा विचारलं, "वाजवून झाल्यावर केबलची पिन काढता ना?"

"छे! गाडी सुटायच्या टायमाला धावपळ नको. पिन कायम लावलेली. गिटार चोवीस तास रेडी!"

अहो, पिन आत असली की बॅटरी चालूच राहते. पिन हाच तिचा स्विच! सोबतच्या पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं. त्यांनी पिशवीतून ते पुस्तक काढलं. प्लास्टिकमध्ये सीलबंद.

"उघडलं तर खराब हुतंय म्हणून तसंच ठेवलंय."

* * *

मागच्या महिन्यात मल्लू परत आला. शहरातल्या एका ऑर्केस्ट्राला कायमचा गिटारवाला हवा होता. शनिवारी पाचला बोलावलं होतं, स्वतःची गिटार घेऊन. गिटारचा आवाज मात्र मधेच तुटत होता.

"हितं घेतलं तर वराती सुटत्यात, मालक," तो म्हणाला. "परत बोलवायचे न्हाईत त्ये."

"बटण बघितलंस का आधी?" मी विचारलं. त्यानं गिटार टेबलावर ठेवली.

केबल खुपसायच्या जॅकची सुटत आलेली वायर पहिल्याच दिवशी जोडली. माझ्या टेबलावरची केबल लावली, तर आवाज तुटायचा सोडून पारच गेला. मग जॅक बदलला. स्विच बदलला. दोन्ही बटणं बदलली. त्या आठवड्यात दुसरी गिटार आली नाही, मी दोन दिवस हिच्यातच डोकं खुपसून बसलेलो. शनिवारी दुपारी हात टेकले.

मल्लू चारला आला. दुकानात गार्डसाहेब होते, तो इंजिनिअरही होता. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तारांचा आवाज पकडणारा पिकअपच जळलाय. गिटार संपली. असला माल घेताना अक्कल वापरायची असते."

मल्लूचा चेहरा उतरला. मग हळूच म्हणाला, "मालक, केबल बदलून बगितली का?"

"दहा वर्षं टेबलावर आहे ही केबल! तू मला शिकवतोस?"

त्यानं पिशवीतून आपली केबल काढली. एक टोक गिटारला, एक ॲम्प्लिफायरला. तार छेडली.

दुकान दणाणलं.

मल्लूनं दोन मिनिटं वाजवलं. इतका सुरेख वाजवतो हे मला माहीत नव्हतं. कुणी हसलं नाही. गार्डसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

मल्लूनं गिटार पिशवीत घातली, चेन लावली, घड्याळाकडं बघितलं. साडेचार झाले होते. मग टेबलावरची कोरी चिठ्ठी आणि पेन उचलून माझ्यापुढं ठेवलं आणि समोरच्या स्टुलावर बसला.

"निवांत लिवा, मालक. अजून अर्धा तास हाय की."