अर्ध्या वाटेवर दिलेली किल्ली

धाकट्याचा ट्रक म्हणजे त्याचा जीव की प्राण. मी त्याची सख्खी थोरली बहीण, पण एकदा आरसा पुसायला गेले तर माझ्यावरच खेकसला. असा माणूस परक्याच्या हातात किल्ली देऊन येतो, याचं आश्चर्य माझं अजून ओसरलेलं नाही.

कारण भावजय. पक्षाघाताने तिची वाचा गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जवळच्या माणसाने रोज बोलत राहायला हवं. उशीर झाला तर कठीण आहे." मी तोंड दुखेपर्यंत बोलायचे, ती कूस बदलायची. तिला तो हवा होता, आणि तो आठवडा आठवडा रस्त्यावर.

त्याच सुमारास एका नव्या कंपनीचा माणूस आला. "काका, परतताना ट्रक अर्धा रिकामाच असतो ना? ती जागा आमच्या ॲपवर भाड्याने द्या." धाकट्याने दिली. मग काय, तिघांचा माल तीन गावांत उतरवता उतरवता स्वारी आणखीच उशिरा घरी. मी कपाळाला हात लावला.

पुढे दुसऱ्या कंपनीची मुलगी आली. मी दारातच विचारलं, "तुम्हीपण त्यातल्याच का?"

"नाही हो, मावशी. तिकडे माणूस आपली रिकामी जागा दुसऱ्याला वापरायला देतो, पण काम ज्याचं त्याचं वेगळंच राहतं. आमच्याकडे एकच काम दोघं मिळून करतात. काका इथून निघतील, दुसरे ड्रायव्हर पलीकडून. अर्ध्या वाटेवर मालासकट ट्रक बदलायचे आणि संध्याकाळी दोघंही आपापल्या घरी."

"माझी गाडी दुसरा चालवणार?" धाकटा ताडकन उठला. तेवढ्यात भावजयीने त्याच्याकडे पाहिलं. तो गुपचूप खाली बसला.

पहिल्या दिवशी तोंड पाडून गेला. संध्याकाळी दारात परका निळा ट्रक. "ताई, तो माणूस ताडमाड उंच. सीट इतकी मागे की माझे पायच पोचेनात!" दुसऱ्या दिवशी स्वतःचा ट्रक परत मिळाला, काचा लख्ख पुसलेल्या. तिसऱ्या दिवशी निळ्या ट्रकची सीट पुढे ओढलेली, पाठीला उशी. कुणी सांगितलं होतं त्या माणसाला? ना नात्याचा ना गोत्याचा! मला भरूनच आलं. तेव्हापासून हाही त्याच्यासाठी आपली सीट मागे सारून ठेवू लागला.

रोज संध्याकाळी तो भावजयीजवळ बसून रस्ता सांगायचा. कुठला पूल दुरुस्तीला काढलाय, उंच माणूस आज काय म्हणाला. ती नुसती बघायची. महिने गेले. माझा धीर सुटत चालला, त्याचा नाही.

मग एका दुपारी मी तिचा पलंग खिडकीशी सरकवला. संध्याकाळी निळा ट्रक येऊन थांबला. धाकटा आत आला, तर ती मान वळवून बाहेर बघत होती. ओठ हलले.

"कुणाची... गाडी?"

धाकट्याच्या हातात त्या परक्याची किल्ली तशीच होती. तो तिच्या पायाशी बसला आणि रडत रडत म्हणाला, "आपलीच गं."