जावेच्या लेकीचं हवामान

सकाळी चहाचं आधण ठेवायच्या वेळेला आमच्या गोबीच्या वाळवंटात प्रत्येक गेरमधून, म्हणजे लोकरीच्या नमद्याच्या आमच्या गोल तंबूतून, उयांगाचा आवाज येतो. प्रांताच्या रेडिओवर येत्या आठवड्याचं हवामान तीच वाचते. मेंढपाळ हातातलं काम थांबवून ऐकतात. त्सेवेलमाच्या गेरमध्ये मात्र तो आवाज आला की भांडी जरा जास्तच वाजायची.

उयांगा त्सेवेलमाच्या थोरल्या जावेची, खांडसुरेनची मुलगी. रेडिओवरच्या त्या जागेसाठी त्सेवेलमाची लेक नोमूनही गेली होती. आवाजाच्या चाचणीच्या दिवशी नोमूनचा घसा बसलेला होता. उयांगाला नोकरी लागली. नोमून राजधानीत एका कारखान्यात हातमोजे शिवायला बसली. तिथल्या हिवाळ्यात धूर इतका असतो म्हणे, की पोरगी फोनवर बोलताना वाक्यागणिक खोकते. त्सेवेलमाला रात्र रात्र झोप लागायची नाही. आणि सकाळ झाली की पुन्हा तो स्वच्छ, मोकळा आवाज.

वसंतातली ती सकाळ अगदी निवांत उजाडली होती. आभाळ निळंभोर. शेळ्या काटेरी झुडपांना अंग घासत होत्या. थंडीत केसांखाली धरलेली मऊ लव सुटायला लागली होती, झुडपांवर पांढरे पुंजके अडकले होते. ही लव फणीने विंचरून विकायची; पण ती काढली की शेळीला थंडी सोसत नाही. उयांगा सांगत होती, "सुरुवातीला ऊब राहील. आठवड्याच्या मध्यावर वायव्येकडून जोराचं वादळ, पाठोपाठ ओला बर्फ. शेळ्या विंचरायची घाई करू नका."

"हिला स्वतःचा बूट सापडत नाही," त्सेवेलमा म्हणाली, "आणि ही आम्हाला शेळ्या शिकवणार!"

चहाला आलेला म्हातारा बदार्च खो खो हसला. "अगं, बूट शोधायला कुठे यंत्रं बसवलीत? वाऱ्यासाठी बसवलीत. थांब की चार दिवस."

"थांबा तुम्ही. ती लव काय तुमच्या दाढीतून काढायचीय?"

दोघी जावांचे नवरे घोड्यांच्या मागे लांबच्या कुरणात गेलेले. खांडसुरेन तिच्या गेरबाहेर गोवऱ्या रचत होती. त्सेवेलमाच्या हातात लांब दात्यांची फणी बघून तिने हाक मारली, "त्सेवेलमा, रेडिओ ऐकलास ना गं?"

"ऐकला, जाऊबाई. तुमच्या राजकन्येनं हुकूम सोडलाय, ठाऊक आहे."

खांडसुरेन पुन्हा गोवऱ्या रचायला लागली. तिने उलट काही सुनावलं असतं, तर कदाचित त्सेवेलमा थांबलीही असती.

त्सेवेलमाने पहिली शेळी आडवी केली, पाय बांधले आणि खांद्यापासून फणी ओढली. लव भराभर निघाली. वादळ न येता आठवडा सरावा आणि सगळ्या वाडीने म्हणावं, पोरीचं चुकलं; एवढंच तिला हवं होतं. खरं तर पिल्लं पाजणाऱ्या शेळ्या सगळ्यात शेवटी विंचरायच्या असतात, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. दुसऱ्या दिवशी तिने त्याही घेतल्या. हात दुखून आले, पण मन कधी नव्हे इतकं हलकं झालं होतं.

वादळ मात्र सांगितल्याप्रमाणे आलं. आधी क्षितिजावर पिवळी धूळ उठली, मग सूर्य दिसेनासा झाला, आणि संध्याकाळच्या आत ओला बर्फ आडवा मारायला लागला. त्सेवेलमाच्या शेळ्यांच्या वाड्याला नुसती बुटकी कुडाची भिंत. छप्पर असलेला दगडी गोठा नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या वाट्याला गेलेला, म्हणजे खांडसुरेनकडे. उघड्या पडलेल्या शेळ्या एकमेकींना चिकटून कुडकुडत होत्या. त्सेवेलमाने कपाटातली पांघरुणं, नवऱ्याचा जुना डगला, गालिचासुद्धा त्यांच्या अंगावर बांधला. पुरेना. एक पाजणारी शेळी गुडघ्यांवर बसली ती उठेचना.

गोठा समोरच होता. त्सेवेलमा त्याच्याकडे बघत उभी राहिली. तिथे जाऊन काय म्हणायचं, ते तिला सुचत नव्हतं.

तेवढ्यात बर्फातून खांडसुरेनच आली. खांद्यावर नमद्याच्या झुली. "बघत काय बसलीस? पुढच्या हाक. मी मागून येते."

दोघींनी कळप गोठ्यात घातला. बसलेली शेळी ओढत आणली, पण तिने दारातच जीव सोडला. आणखी दोन शेळ्या रात्रीतून गेल्या. बाकीच्यांची अंगं चोळत, चुलीवर मिठाचा चहा उकळत दोघी बसून राहिल्या. खांडसुरेनने एकदाही 'सांगितलं होतं ना' म्हटलं नाही. त्सेवेलमा मनातल्या मनात तिला म्हणत होती, बोल, एकदाचं बोलून टाक. न बोलणंसुद्धा हिलाच जमावं!

उजाडता उजाडता त्सेवेलमाचा फोन वाजला. नोमून होती. खोकत विचारत होती, "आई, वादळ झालं म्हणे तिकडे. शेळ्या बऱ्या आहेत ना? विंचरल्या नव्हत्यास ना अजून?"

"विंचरल्या होत्या. तीन गेल्या."

"अगं पण का? रेडिओवर सांगितलं नव्हतं का? उयांगाचं चुकलं का?"

त्सेवेलमाच्या ओठांवर 'हो' आलं होतं. नोमूनच्या आवाजात किंचित आशा होती, ती आईलाच ओळखू येण्यासारखी. बाजूला खांडसुरेन एका पिल्लाला बोटाने दूध चाटवत होती. तिची बोटं थांबली. मान वर झाली नाही.

"नाही गं," त्सेवेलमा म्हणाली. "उयांगानं नीट सांगितलं होतं. दिवससुद्धा बरोबर सांगितला होता. मीच ऐकलं नाही."

पलीकडे नोमून खोकली. मग म्हणाली, "चांगलं वाचते ना ती?"

"वाचते," त्सेवेलमा म्हणाली, आणि तो शब्द तिला घशातून ओढून काढावा लागला. "तू आधी त्या खोकल्याचं औषध घे."