व्याह्यांच्या आधीचा घास

सुमतीकाकू गेल्या हे मला अकोल्याला रेशनच्या दुकानासमोर पत्रकं वाटताना कळलं. अमरावतीहून आलेल्या ओळखीच्या एका मास्तरांनी पत्रक हातात घेतलं, उभ्या उभ्या वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "तुमच्या त्या पेटीवाल्या बाई वारल्या की." पेटीवाल्या बाई! उभी हयात मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवलं, अमरावतीतल्या निम्म्या राजापेठेच्या सुनांना स्वयंपाक शिकवला, आणि गावानं नाव ठेवलं ते हे. मी अमरावतीला पोचले तोवर राखही सावडून झाली होती. उरली होती फक्त तेरवी.

मी भातकुलीकडच्या शेतकरी घरातली. कॉलेजसाठी आले आणि काकूंच्या मागच्या खोलीत राहिले. वकिलाची विधवा, घरात देवधर्म, सोवळंओवळं, आणि मी पहिल्याच दिवशी त्यांच्या चुलीपाशी जाऊन बसले. शेजारणी बघायला आल्या. काकूंनी माझ्या हातात विळी दिली आणि विषय संपवला. मी तेव्हा साठेबाजांवर तावातावानं बोलायची. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "पुढारीण, साठेबाज उद्या पकड. ताटातला भात आज संपव." राग यायचा. अजून येतो, पण आता कुणावर काढू...

सरकारी दवाखान्याच्या आवारात त्यांनी मला पहिल्यांदा नेलं ते एका भर उन्हाळ्यात. मेळघाटातून, पार सेमाडोहकडून माणसं रोगी घेऊन येत. रोग्याला दवाखान्याचं जेवण मिळे. सोबत आलेल्याला काहीच नाही. तीन दगडांच्या चुली, मूठभर पीठ, तेही संपलेलं. आणि तिथून हाकेच्या अंतरावर लग्नाचे मांडव. आपल्याकडची पंगत तुम्हाला सांगायला नको. पाहुण्यानं पानावर आडवा हात धरायचा, वाढप्यानं बोटांच्या फटीतून जिलबी सोडायची, आणि पानात जितकं जास्त टाकलं जाईल तितकं यजमानाचं नाव मोठं. हीच माणसं उद्या रेशनच्या रांगेत उभी राहून अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीला शिव्या देणार. उरलेलं अन्न गरिबाला देऊ, असं सगळेच म्हणत. पण केव्हा? व्याह्यांची पंगत उठल्यावर. त्यांच्या आधी स्वयंपाकघरातलं भांडं उंबऱ्याबाहेर जायचं नाही, ही रीत. व्याही रुसत, समजूत काढली जाई, दुपार कलंडे, आणि वऱ्हाडातल्या उन्हात वरण आंबून जाई. मग ते दान!

काकूंनी यावर भाषण केलं नाही. चहाचं एक खोकं आणलं. आतून गोणपाट लावलं, सरकी काढायच्या जिनातला टाकाऊ कापूस ठासून भरला, मधे पातेल्याच्या मापाची खळगी ठेवली आणि वर कापसाची उशी. सकाळी उकळतं वरण आत बसवलं की दुपार टळेपर्यंत हात भाजेल असं राहायचं. आणि गरम राहिलेलं आंबत नाही. अशा तीन-चार पेट्या झाल्या. शेजारचे लोक म्हणायचे, बाईंनी वरणाला गादी शिवली. भात वाढायला त्यांनी उथळ, लहान पळ्याही करून घेतल्या. वाढप्याचे फेरे वाढतात, आग्रहाची हौस फिटते आणि पानात कमी पडतं. पण खरी युक्ती पेटीत नव्हती. ती केव्हा भरायची यात होती. उरलेलं मागायचंच नाही. पहिल्या पंगतीच्या आधी, चुलीवरून थेट पेटीत. मी म्हटलं, काकू, लोक मारतील. त्या म्हणाल्या, "गाईचा घास आधी काढतात. तेव्हा कुठला व्याही रुसतो?"

एकच अट होती, बोलायचं नाही. मुलीची आई आणि आचारी, एवढ्यांनाच ठाऊक. आमचा नेहमीचा आचारी मोठा बेरकी. म्हणायचा, "बाई, तुमी पातेलं काढून घ्या, मी तवर चुलीकडे पाहून राहिलो." आणि टांगा मागच्या दारानं दवाखान्याकडे निघायचा. दोन लग्नसराया हे निर्वेध चाललं. आवारातल्या बाया पेटीची वाट पाहू लागल्या.

मग अकोल्याचं लग्न आलं. काकूंच्या चुलतभावाच्या मुलीचं. भाऊ नावाजलेले वकील, गावात शब्दाला वजन. तिथल्या दवाखान्यासाठीही पेट्या भरायच्या ठरल्या. काकूंनी त्यांना दहादा बजावलं होतं की अण्णा, हे स्वयंपाकघरातच राहू दे. पण वकिलाला चांगुलपणाही साक्षीदाराशिवाय करवत नाही. पेट्या भरून झाल्या आणि अण्णांनी त्या मांडवात आणवल्या, हार घातले, आणि लाउडस्पीकरवरून सांगितलं की आमच्या घरच्या कार्यात पहिला घास गोरगरिबांचा. टाळ्या पडल्या. व्याह्यांच्या बाजूनं पडल्या नाहीत. नवरदेवाचे थोरले काका पाटावरून उठले. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "म्हणजे दवाखान्यातून उरलेलं आता आम्हाला वाढणार. चला रे."

सगळी पंगत उठली. मुलीची आई रडायला लागली. अण्णांनी पागोटं काढून व्याह्यांच्या पायाशी ठेवलं, आणि मग, व्याह्यांचा मान आपल्याला मोठा हे दाखवायला, त्यांच्या देखत पेट्या मांडवामागे नेऊन उकिरड्यावर पालथ्या केल्या. वाफ निघत होती त्यातून. काकू तिथेच उभ्या होत्या. त्यांनी भावाला एकच वाक्य ऐकवलं, "अण्णा, गाईला तरी बोलावायचं होतंस." व्याही परत पाटावर बसले. जिलबीचा आग्रह झाला. मुलगी नांदायला गेली.

ही गोष्ट अमरावतीला आमच्या आधी पोचली. पुढच्या लग्नात आचारीच म्हणाला, "आता नका येऊ बाई, मले काम भेटनार नाई." एकेक मागचं दार बंद झालं. मी अण्णांचं नाव घालून त्यांच्याविरुद्ध पत्रक लिहिलं. काकूंनी ते वाचलं, शुद्धलेखन सुधारून दिलं आणि छापू दिलं नाही. म्हणाल्या, "तुझा राग निघेल. दवाखान्यातल्या बायांचं पोट भरेल का?" त्यानंतर त्या घरच्या तांदळाचा भात पेटीतून नेत राहिल्या, झेपलं तोवर. मग गुडघे गेले, दमा वाढला. गेल्या पावसाळ्यात तेही थांबलं. आज हे लिहिते आहे ते कुणाची परवानगी न घेता.

तेरवीला अण्णा आले होते. काकूंच्या मुलाला मी सकाळीच म्हटलं, एक पातेलं आधी काढू या, मी नेते. तो वाईट माणूस नाही. मान खाली घालून म्हणाला, "ताई, आजच्या दिवशी नको. मामा आहेत, सोयरे आहेत. नंतर ने, पाहिजे तेवढं ने." नंतर! पंगत बसली. अण्णा स्वतः ओळीतून फिरून आग्रह करत होते, सुमतीच्या नावानं एक लाडू घ्याच. लोक नको नको म्हणत होते, लाडू पानात पडत होते, आणि पानं उचलली तेव्हा त्यांतले निम्मे तसेच होते... मी न जेवता उठले.

पाय दवाखान्याकडेच वळले. आवारात कडुनिंबाखाली पाच-सहा बाया बसल्या होत्या. ओळखीची एकही नाही. रोगी बदलतात तशी सोबतची माणसंही बदलतात. पण ओसरीच्या पायरीलगतचा एक तुकडा झाडून स्वच्छ केलेला होता. तिथे कुणी बसलं नव्हतं, गाठोडंसुद्धा नव्हतं. मी जरा टेकायला गेले तर एक म्हातारी म्हणाली, "तिथं नोको बसू बाई. तिथं पेटी ठेवतेत."

तिनं काकूंना पाहिलेलंच नव्हतं. तिच्या आधी तिथे राहून गेलेल्या बाईनं तिला सांगितलं होतं, तिला तिच्या आधीच्या बाईनं. मी म्हटलं, पेटी आता येत नाही, आजी. म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, मग फाटकाकडे.

"आज नाई आली," ती म्हणाली, आणि पडलेली पानं हातानं झाडू लागली.