बांबूवरची रेंज

बरगी धरणाच्या काठी मुक्कामाला उभ्या असलेल्या ट्रेलरमध्ये बेबीताई स्वयंपाक करायच्या. ट्रेलर म्हणजे चाकांवरचं पत्र्याचं घर, जबलपूरच्या एका पर्यटनवाल्याने रिछाईच्या कारखान्यात बनवून घेतलेलं. पाहुणे यायचे आणि पिशव्या खाली ठेवायच्या आत विचारायचे, "आंटी, नेटवर्क कहाँ मिलेगा?" कुठेच मिळायचं नाही, आणि बेबीताईंना त्याचं सोयरसुतकही नव्हतं.

पण सुट्टीत जबलपूरला दीक्षितपुऱ्याच्या घरी असताना पुण्याहून धाकट्या भावाचा, शैलेंद्रचा फोन आला. "ताई, मुलीचं बारसं ठरवून राहिलो. तू एवढ्या लांब काहून येतेस? व्हिडिओवरूनच नाव ठेव. आत्याचा मान तुझाच."

"आईचं नाव ठेवू? भानुमती?"

"ठेव ना."

आई गेली तेव्हा शैलेंद्र सहा वर्षांचा होता. त्याला वाढवता वाढवता बेबीताईंचं लग्नाचं वय निघून गेलं, पण त्याची आठवण त्यांनी त्याला कधी करून दिली नाही. द्यायला हवी होती. पुण्याला गेल्यापासून तो आठवडा आठवडा फोन उचलत नसे. मग म्हणे, "रेंज नव्हती ताई." पुण्यासारख्या शहरात! बेबीताईंना तेही पटायचं.

आता रेंजसाठी त्या हात धुऊन मागे लागल्या. ट्रेलरचा ड्रायव्हर नथ्थू म्हणाला, "दीदी, पूरा टीन का डिब्बा है, सिग्नल अंदर घुसेगा कैसे?" त्याने शहरातून बाहेर लावायचा अँटेना आणि वायफायचा डबा आणला. दोघांनी वीस फुटी बांबू ट्रेलरच्या शिडीला बांधला, टोकावर अँटेना बसवला आणि वायर खिडकीतून आत घेतली. तीन दिवस एकच काडी दिसत होती, तीही येऊन जाऊन. कारण बेबीताईंनी अँटेनाचं तोंड जबलपूरकडे केलं होतं. घर तिकडे, बाजार तिकडे, तर फोनही तिकडूनच येणार, असा त्यांचा हिशेब. मधे टेकडी आडवी होती, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. चौथ्या दिवशी नथ्थूला पाण्यापलीकडच्या गावात टॉवर दिसला. "शहर को छोड़ो दीदी, उधर घुमाओ." बांबू फिरवला आणि सगळ्या काड्या भरल्या. बेबीताईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

बारशाच्या सकाळी त्यांनी घुगऱ्या शिजवल्या, ठेवणीतलं लुगडं नेसल्या. मुहूर्त अकराचा होता. पावणेअकराला फोन लावला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. अकरा वाजून पाच मिनिटांनी भावजय शरयूने उचलला.

"अय्या, लागला का ताई!"

चित्र इतकं स्वच्छ की पाळण्यावरच्या झेंडूची पाकळी न् पाकळी दिसावी. पाळण्यावर शरयूची बहीण वाकली होती आणि बायका हसत हसत तिच्या पाठीत धपाटे घालत होत्या. बाळाच्या कानात नाव सांगणाऱ्या आत्याला मिळतात ते धपाटे. चार दिवस बेबीताईंची पाठ त्यांचीच वाट पाहत होती, इथे बसून मिळणार नाहीत हे ठाऊक असूनही.

"तुमची रेंज लागेना, मुहूर्त टळत होता," शरयू म्हणाली. "म्हणून हिनेच कुर्र केलं."

तिकडून एकही फोन आलेला नव्हता. बेबीताईंनी काही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांची नजर पाळण्यामागच्या भिंतीवर गेली. तिथे हातभर मोठी सोनेरी अक्षरं लावली होती: अनायरा. मापाने कापून घेतलेली, फुलांच्या माळेत बसवलेली. असली अक्षरं मुहूर्त टळताना पाच मिनिटांत तयार होत नाहीत. बांबू अजून शहराकडे असता तर भिंतीवर नुसता पिवळा डाग दिसला असता, आणि त्यांनी या बायकांची उलट माफीच मागितली असती.

शैलेंद्र फोनवर आला. "ताई, दिसतंय ना नीट?"

"नाही रे," बेबीताई म्हणाल्या. "रेंज नाही." आणि त्यांनी फोन बंद केला.

दुपारी पाहुण्यांनी घुगऱ्या मागून मागून खाल्ल्या. नेटवर्कचंही फार कौतुक केलं.