उष्टा पेला

धुळ्याच्या पोस्टातला तो कारकून दर रविवारी आमच्याबरोबर किल्ले चढायला यायचा. त्याच्या पिशवीत सायकलच्या पंपासारखा दिसणारा फिल्टर असे, मेहुण्याने परदेशातून आणलेला. टाक्याचं असो की नळाचं, पाणी त्यातून काढल्याशिवाय तो पीत नसे. दट्ट्या दाबताना "ये बापा, ये," असं पाण्यालाच समजावत असे. 'शुद्ध' हा शब्द मी जातिविरोधी चळवळीच्या पत्रकांतून शत्रू म्हणून ओळखत होतो. त्यामुळे मला एकच कुतूहल होतं: हा जंतूंना भितो की माणसांना?

सोनगीरच्या पायथ्याशी, दलित वस्तीत, एका म्हातारीने आम्हाला तांब्याभर पाणी दिलं. आम्ही प्यालो. त्याने मात्र तांब्यात नळी सोडली आणि आपल्या पेल्यात पाणी गाळू लागला.

म्हातारीचा चेहरा उतरला. "आम्हनं पानी बाटेल शे का रे भाऊ?"

मी भांडायलाच पुढे सरकलो. तेवढ्यात त्याने भरलेला पेला तिच्यापुढे धरला.

"नही आक्का, मन्हं पोट नाजूक शे. पह्यले तू पी."

तिने पेला तोंडाला लावून दोन घोट घेतले. "पानीच तं शे!" म्हणत हसली आणि पेला परत दिला.

तिचं उष्टं पाणी तो एका दमात प्यायला. ते त्याने गाळलं नाही.